कपाळावरची चार बोटं

मी सांगलीत ब्लाउज शिवते, २१ वर्षं झाली. साडीला कुठलं कापड शोभेल हे बायकांना सांगणं माझं रोजचं काम. तरी मिरजेला केमो सुरू झाली आणि दुसऱ्या डोसच्या आधीच केस हातात यायला लागले, तेव्हा डोक्याला काय बांधायचं आणि त्याच्यासोबत काय नेसायचं, हे मला नव्यानं शिकावं लागलं.

पहिली गोष्ट, दुकानात स्कार्फ नुसता पसरून पसंत करू नका. कर्णावर घडी घालून त्रिकोण करा, दुमडलेली कड आणखी एकदा आत मुडपा आणि कपाळाला लावून आरशात बघा. समोरच्याला मुख्य दिसते ती कपाळावरची चार बोटांची पट्टीच. मी कापडपेठेतून मोठ्या कमळांचा एक स्कार्फ आणला होता, पसरला की नजर हटत नव्हती. घरी बांधला तर कमळं सगळी मागे गाठीत गेली आणि कपाळावर उरला नुसता मातकट रंग. आजारपणात चेहरा आधीच उतरलेला असतो, त्यावर तो रंग बघून मला रडू आलं. तेव्हापासून बारीक बुट्टी, लहान फुलं नाहीतर पट्टेच घेते. घडी घातल्यावर कपाळावरच्या कडेला गडद नक्षी येत असेल तर फारच छान, कारण भुवयाही विरळ होतात आणि त्या गडद रेघेनं चेहऱ्याला उठाव येतो.

स्कार्फ आधी ठरवायचा, कपडे मागून. तो चेहऱ्याला लागून असतो, कुडता खाली असतो. आता रंग कुठला उचलायचा? बहुतेकजणी स्कार्फच्या जमिनीचा, म्हणजे नक्षीच्या मागच्या कापडाचा, रंग उचलतात. निळ्या जमिनीला निळाच कुडता घातला की गणवेश वाटतो. त्यापेक्षा प्रिंटमध्ये सगळ्यात कमी असलेला रंग शोधा. माझ्या निळ्या स्कार्फवर लाल फुलं आहेत आणि फुलांच्या मध्ये हळदीचा एवढासा ठिपका. त्यावर मी हळदी रंगाचा साधा कुडता घालते. रंग जुळवताना मॅचिंग सेंटरच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, दोन्ही कापडं घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात या.

साडीवर जरा जपून. इरकलीच्या काठापदरातच इतकं काम असतं की स्कार्फवर मोठी नक्षी नको, काठातल्या लालाची बारीक बुट्टी पुरे. खणाचं ब्लाउज असेल तर स्कार्फ साधाच बरा. दोन नक्ष्या एकत्र आणायच्याच असतील तर एक बारीक, एक मोठी, आणि दोन्हींत एक रंग सारखा हवा. ओढणी मात्र सोडा. गळ्याशी फार गर्दी होते.

कापड सुतीच घ्या. सॅटिन केस नसलेल्या डोक्यावरून घसरतं, पॉलिस्टरनं एप्रिलच्या उन्हात जीव नकोसा होतो. मी मलमलीचा मीटरभर चौरस तुकडा आणून चारी बाजूंनी पिको करून घेते. आत होजियरीची टोपी घालायची, पण शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवून, नाहीतर नाजूक कातडीला ती टोचते. अजरखसारखं ठशांनी छापलेलं गडद कापड घेतलंत तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर पाणी निवळ येईपर्यंत वेगळं धुवा. रंग पक्का म्हणून एका दुकानदारानं दिलेल्या स्कार्फनं माझ्या पांढऱ्या कुडत्याची कॉलर पहिल्याच पावसात निळी केली.

लग्नकार्याला जायचं असेल तर माझी एक युक्ती आहे. साडीचा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. ब्लाउज बेतताना शिंप्याला आधीच सांगून त्यातून चार बोटं रुंदीच्या पट्ट्या काढून घ्या, शिलाईसाठी थोडं जास्तीचं कापड धरून. एक अख्खी आणि एक अर्धी जोडली की १२० सेंटिमीटर होते, गाठीला पुरते. सारख्या लांबीचे दोन तुकडे जोडू नका, जोड नेमका कपाळावर येतो. अख्खी-अर्धी जोडली की जोड कानामागे जातो. साध्या स्कार्फवर ही पट्टी बांधा, कपाळावर साडीचंच कापड येतं.