शिक्षण, काम आणि घरातली कमाई यावर रिसर्च करायचाय? आधी प्रश्नावली वाचा

लेबर इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे काम, मजुरी आणि कमाईच्या अर्थशास्त्रात, रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, असं नवीन मुलंमुली मला बऱ्याचदा विचारतात. सॉफ्टवेअर कुठलंही शिका, आर शिका, स्टाटा शिका, पायथन येत असेल तर त्यातच करा, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. खरा वेळ लागतो तो समोरचा आकडा कुठून आलाय हे ओळखायला, आणि हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

माझं पहिलं काम होतं शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई किती वाढते ते काढायचं. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांचं 1974 चं समीकरण या विषयात सगळ्यांनाच भेटतं, एका बाजूला मजुरीचा लॉग (लॉगॅरिदम), दुसऱ्या बाजूला शिक्षणाची वर्षं, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग (स्क्वेअर). मी सर्व्हेचा डेटा घेतला, रिग्रेशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते काढायचं गणित, चालवलं, आकडा छान आला, पुस्तकात असतो तसाच, आणि मी खुशीत टेबल घेऊन माझ्या गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी माझा तो आकडा बघितलाच नाही, टेबलच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एन एवढा कमी कसा? फाईलमध्ये माणसं किती होती?" एन म्हणजे हिशेबात प्रत्यक्ष धरलेल्या माणसांची संख्या. परत येऊन मोजलं तर बायकांच्या बहुतेक ओळी गायब. त्यांच्या कमाईच्या रकान्यात 0 होता, 0 चा लॉग निघत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरने त्या ओळी न बोलता बाजूला काढल्या होत्या. मी वर शीर्षक दिलं होतं शिक्षणाचा कमाईवर परिणाम, आणि मोजलं होतं फक्त ज्यांच्या हातात पगार पडतो त्यांच्यापुरतं.

मग मी त्या शून्यांच्या मागे लागले, तब्बल तीन आठवडे. एक शून्य होता काम शोधतोय पण मिळत नाही अशा माणसाचा, एक अजून शिकत असलेल्याचा. एक होता घरच्या धंद्यात दिवसभर राबणाऱ्या बाईचा, जिच्या मेहनतीचे पैसे नवऱ्याच्या ओळीत जमा झाले होते. आणि काही शून्य असे की माणसाने उत्तरच दिलं नव्हतं, भरणाऱ्याने जागा रिकामी राहू नये म्हणून 0 टाकला होता. फाईलमध्ये हे चौघं अगदी सारखे दिसतात. जेम्स हेकमन यांना 2000 साली नोबेल मिळालं ते बऱ्याच अंशी याच भानगडीसाठी, त्यांचा 1979 चा पेपर सांगतो की ज्यांचा पगार आपल्याला दिसतो ती माणसं सगळ्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात, काम धरायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं, आणि ज्या कारणाने ते ठरवलं त्याच कारणाचा पगाराशीही संबंध असतो. मी हा पेपर आधी परीक्षेसाठी वाचला होता, सूत्रासकट पाठ होता, पण कळला तो माझ्या ओळी गायब झाल्यावर.

तर माझा पहिला सल्ला, डेटा उघडायच्या आधी प्रश्नावली प्रिंट काढा आणि पेन घेऊन वाचा. शक्य असेल तर सर्व्हे घेणाऱ्यांच्या ट्रेनिंगला एकदा बसा. मी बसले होते, तिथे दोघीदोघींची जोडी करून मुलाखतीचा सराव करायचा होता. मी विचारलं, "तुम्ही काम करता का?" समोरची, ठरवून दिलेल्या भूमिकेप्रमाणे, म्हणाली नाही. मग पुढचा प्रश्न होता, गेल्या 7 दिवसांत घरच्या शेतीत किंवा धंद्यात किमान 1 तास तरी मदत केलीत का? ती म्हणाली, हो, हिशेब मीच लिहिते, रोज. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पगारासाठी किंवा नफ्यासाठी आठवड्यात 1 तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो, घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाराही त्यात येतो. म्हणजे हा दुसरा प्रश्न विचारला गेला नाही तर तीच बाई बिनकामाची, आणि विचारला गेला तर कामाला. आणि व्याख्याही बदलतात बरं का, 2013 च्या ठरावात काम आणि रोजगार वेगळे केले गेले, फक्त घरच्या वापरापुरतं पिकवणं हे काम राहिलं पण रोजगारातून बाहेर गेलं. त्यामुळे दोन वेगळ्या काळातले सर्व्हे जोडून 'बायकांचं काम घटलं' असं लिहायच्या आधी प्रश्न तोच होता का ते बघाच.

क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं नोबेल मिळालं त्यामागेही अशीच चिकाटी आहे. अमेरिकेच्या जुन्या नोंदींमध्ये लग्न झालेल्या बाईच्या व्यवसायासमोर नुसतं 'पत्नी' लिहिलेलं असायचं, मग ती शेतात असो की घरच्या उद्योगात. गोल्डिन यांनी वेगवेगळे जुने दस्तऐवज धुंडाळून ते आकडे दुरुस्त केले, तेव्हा दिसलं की बायकांचं काम सरळ रेषेत वाढत आलेलं नाही, आधी उतरलं आणि मग चढलं.

आता शिक्षणाकडे. शिकलेली माणसं जास्त कमावतात हे सगळीकडे दिसतं, प्रश्न असतो की शिकल्यामुळे कमावतात का. ज्याला घरातून आधार होता, जो मुळात हुशार होता, तोच जास्त शिकला असेल तर? मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये तर असंही मांडलं की शिक्षणाने कौशल्य वाढलं नाही तरी डिग्री ही मालकाला दिलेली खूण म्हणून पगार मिळवून देऊ शकते. यातून वाट काढायची म्हणून अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी 1991 मध्ये जन्माची तिमाही वापरली. अमेरिकेत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत थोडी मोठ्या वयात जायची, त्यामुळे शाळा सोडायचं कायदेशीर वय कमी शिक्षण होताच गाठायची, म्हणजे हुशारी किंवा घरच्या आधारामुळे नाही, नुसत्या जन्मतारखेमुळे काहींचं शिक्षण थोडं कमी व्हायचं. कल्पना सुंदर आहे, पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रात्रभर तोच विचार करत होते. पण 1995 मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी दाखवलं की जन्माच्या तिमाहीचा शिक्षणाशी धागा इतका बारीक आहे की तिमाह्या नुसत्या रँडम वाटून दिल्या तरी काही मॉडेल्समध्ये जवळपास तसेच आकडे निघतात, आणि ते सव्वातीन लाखांच्या वर माणसं असलेल्या डेटात! डेटा मोठा म्हणजे उत्तर पक्कं हा गैरसमज माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेला. नवीन मुलांना मी हे दोन्ही पेपर एकापाठोपाठ एक वाचायला सांगते, एकटा पहिला वाचू नका.

एस्थर डुफ्लो यांचा 2001 चा पेपरही वाचा. इंडोनेशियात 1970 च्या दशकात काही वर्षांत 61,000 च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या, कुठल्या जिल्ह्यात किती बांधल्या आणि तेव्हा मूल शाळेच्या वयाचं होतं की वय निघून गेलं होतं, एवढ्या दोन गोष्टींवर सगळी तुलना उभी आहे. शांतपणे वाचला तर रिग्रेशनशिवायही समजतो, चांगल्या डिझाईनची माझ्या मते हीच ओळख.

कुटुंबाच्या कमाईचा भाग सगळ्यात जास्त गोंधळाचा, तिथे थांबा. आधी हे ठरवा की कुटुंब म्हणजे कोण. चौघांच्या घरात येणारे पैसे चारने भागायचे का? चौघांना चार स्वयंपाकघरं लागत नाहीत, म्हणून काही जण माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात, म्हणजे 2 ने. दुसरी एक नेहमीची पद्धत आहे, पहिल्या मोठ्या माणसाला 1, पुढच्या प्रत्येक मोठ्याला 0.5 आणि 14 वर्षांखालच्या मुलाला 0.3, म्हणजे आईबाबा आणि दोन लहान मुलं मिळून 2.1. भागाकार बदलला की गरीब कोण हे बदलतं, विशेषतः जास्त मुलं असलेल्या घरांचं. यात बरोबर एकच पद्धत असं काही नाही, पण तुम्ही कुठली घेतली ते लिहा आणि दुसरीने काय होतं तेही करून बघा.

आणि कमाई कुठल्या वर्षाची? बापाच्या कमाईवरून मुलाची किती ठरते यावर बरीच वर्षं समज होती की धागा सैल आहे, 0.2 च्या आसपास किंवा कमी, म्हणजे बापाची कमाई 10 टक्क्यांनी जास्त असेल तर मुलाची साधारण 2 टक्क्यांनी जास्त. गॅरी सोलन यांनी 1992 मध्ये दाखवलं की हा आकडा एकेका वर्षाच्या कमाईमुळे आणि एकसारख्या लोकांच्या नमुन्यामुळे खाली आलाय. एखाद्या वर्षी माणूस आजारी पडतो, एखाद्या वर्षी बोनस मिळतो, ते वर खाली होणं म्हणजे त्याची खरी ऐपत नव्हे. 1968 पासून त्याच कुटुंबांचा माग ठेवणाऱ्या अमेरिकन सर्व्हेतून बऱ्याच वर्षांची सरासरी घेतली तर आकडा 0.4 किंवा त्याहून वर जातो. दुप्पट! समाजात माणूस किती वर येऊ शकतो याबद्दलचं चित्रच पालटलं, तेही कुठल्या नव्या थिअरीने नाही, बापाची कमाई एका वर्षाऐवजी पाच वर्षं बघितल्याने. मी या विषयात राहिले ते यामुळे.

बाकी गणिताबद्दल फार घाबरू नका, स्टॅटिस्टिक्सचा पाया आणि एक चांगला इकोनोमेट्रिक्सचा (अर्थशास्त्रातल्या आकडेवारीच्या पद्धतींचा) कोर्स पुरतो, पुढचं गरज पडेल तसं. मूळ फाईलला कधीच हात लावू नका, प्रत्येक बदल कोडमधूनच करा, एक्सेलमध्ये हाताने एक आकडा बदलला तरी सहा महिन्यांनी तो का बदलला ते आठवत नाही. रिसर्च असिस्टंटचं काम मिळालं तर डेटा साफ करायला लावतात म्हणून नाराज होऊ नका, विषय खरा तिथेच समजतो.

आणि स्वतःचा विषय शोधायच्या आधी एक छापून आलेला पेपर निवडा, ज्याचा डेटा खुला आहे, आणि त्याचं पहिलं टेबल जसंच्या तसं काढून बघा. नुसतं पहिलं, सरासरी वय, शिक्षण, कमाई असलेलं. ते बहुतेक वेळा जुळत नाही. मग आपले फिल्टर तपासा, वयाची मर्यादा तीच आहे का, सर्व्हेची वजनं (एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायचा ते आकडे) लावली का, 9999 सारखे 'उत्तर नाही'चे कोड काढले का, कमाई महिन्याची आहे की वर्षाची. एवढं करूनही जुळलं नाही तर लेखकांना सरळ ईमेल करा, बहुतेक जण उत्तर देतात, पण त्यात 'जुळत नाही' एवढंच लिहू नका, तुमचा एन किती आला, त्यांचा किती आहे आणि कुठल्या पायरीला फरक सुरू झाला ते लिहा.