रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी एकच गाडी: स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर कसे निवडावेत

ज्या गाडीने रोज कामावर जायचे आणि वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरही उतरायचे, तिच्या सस्पेंशनची निवड स्प्रिंगपासून सुरू करावी. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते आणि शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप, त्या स्प्रिंगची हालचाल आवरतो. त्यामुळे स्प्रिंग ठरल्याशिवाय शॉकअप निवडणे म्हणजे माप न घेता कपडे शिवणे होय.

जपानी स्प्रिंगच्या सेटवर कडकपणा ‘५ के’ असा लिहिलेला असतो, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला ५ किलो, साधारण ४९ न्यूटन, भार लागतो. मात्र एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण हलक्या गाडीत दगडासारखी वाटणारी स्प्रिंग जड गाडीत मऊ वाटते. म्हणून गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, ती वारंवारिता आधी ठरवावी. साध्या गाड्यांत ती १ ते १.५ हर्ट्झ असते. दुहेरी वापरासाठी १.७ ते २ पुरेशी आहे, आणि त्यापुढे गेल्यास आपल्याकडच्या खड्ड्यांत टायर रस्ता सोडू लागतो.

समजा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर ३०० किलो भार येतो आणि आपल्याला १.८ हर्ट्झ हवे आहेत. वारंवारितेला ६.२८ने गुणून त्याचा वर्ग करावा आणि त्याला ३००ने गुणावे. उत्तर मीटरला सुमारे ३८,००० न्यूटन, म्हणजे मिलिमीटरला ३८ येते. १.३ हर्ट्झला हाच आकडा २० असतो. हा कडकपणा चाकापाशी लागणारा आहे. चाक एक मिलिमीटर हलले असता स्प्रिंग जितकी दबते, त्या गुणोत्तराच्या वर्गाने त्याला भागावे लागते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या रचनेत, ते ०.९५च्या आसपास धरले तर ४२-४३ न्यूटनची स्प्रिंग लागते; मागे स्प्रिंग बिजागरीकडे सरकलेली असून गुणोत्तर ०.७ असेल, तर लागणारी स्प्रिंग जवळपास दुप्पट कडक होते. मागच्या स्प्रिंगचा मोठा आकडा पाहून घाबरणाऱ्यांचा हिशेब बहुधा इथेच चुकतो. मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवल्यास अशी गाडी वळणात सहज वळते. पावसाळ्यात मात्र तोच फरक अंगाशी येऊ शकतो.

गाडी खाली आणण्याचा मोह आवरावा. २०-२५ मिलिमीटर पुरे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडवी रेषा ओलांडून चाकाच्या बाजूने वर झुकला, की रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते ते, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली घसरते आणि गाडी उलट जास्त कलंडू पाहते. शिवाय शॉकअपचा दांडा वळणातच बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी अडणीवर, टेकला, तर कडकपणा एकाएकी वाढून पुढच्या टायरची पकड सुटते. शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय बांधून एक फेरी मारली, की किती हालचाल खर्च झाली ते दिसते.

आता शॉकअप. वळताना आणि ब्रेक लावताना दांडा सावकाश, सेकंदाला पन्नासएक मिलिमीटरच्या आत, सरकतो. खड्ड्यात तो कित्येक पट वेगाने सरकतो. म्हणून संथ गतीला घट्ट आणि वेगवान गतीला तुलनेने सैल असा शॉकअप हवा, आणि विक्रेत्याकडे डायनोचा, म्हणजे कोणत्या गतीला शॉकअप किती जोर लावतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख मागावा. तो नसेल तर शॉकअप घट्ट-सैल करणाऱ्या क्लिकची संख्या ही केवळ जाहिरात समजावी. स्प्रिंग दुप्पट कडक झाली, की तितक्याच प्रमाणात आवरण्यासाठी शॉकअपचे सुमारे १.४ पट दमन, म्हणजे हालचाल आवरणारा जोर, लागते, म्हणून कंपनीचा जुना शॉकअप तिथे अपुरा पडतो आणि उसळी मारल्यावर गाडी डोलत राहते. उलट, उसळी परतवणारा रिबाउंड फार घट्ट केला, तर लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला उलगडायला वेळ मिळत नाही आणि गाडी खाली बसत जाते. एकाच नळीचा, म्हणजे मोनोट्यूब, शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतो, त्यामुळे लांब सत्रांत तो बरा.

जोडणीनंतर अलाइनमेंट करावे आणि टायरचा दाब नोंदवून ठेवावा. मग सर्वांत सैल क्लिकपासून सुरुवात करून एका वेळी पुढचे किंवा मागचे, एवढाच एक बदल करावा आणि परतीच्या रस्त्यासाठीचे क्लिक ट्रॅकवर उतरण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावेत.