स्वतःच्या नावाचे लेबल विकताना या चुका टाळा

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या प्राडा कंपनीने हँबुर्गच्या जिल सँडर या फॅशन हाउसचे मतदानाचा हक्क असलेले ७५ टक्के भाग विकत घेतले आणि पुढच्याच जानेवारीत, म्हणजे सहा महिने उलटण्याच्या आत, ज्यांच्या नावाने ते हाउस तीन दशके चालले होते त्या जिल सँडर स्वतः तेथून बाहेर पडल्या. भांडण वरवर पाहता कापडाचे होते. सँडर यांच्या कपड्यांवर ना नक्षी असे ना भरतकाम, त्यामुळे त्यांची सारी प्रतिष्ठा कापडाच्या पोतावर आणि बेतण्याच्या नेमकेपणावर उभी होती आणि तेथे हात आखडता घेणे त्यांना मान्य नव्हते. प्राडाचे प्रमुख पात्रित्सिओ बेर्तेल्ली यांना खर्च आटोक्यात हवा होता, शिवाय ब्रँड भक्कम असेल तर तो डिझायनरवाचून अडत नाही, अशी त्यांची उघड भूमिका होती. त्यानंतर कंपनी तोट्यात गेली. २००३ मध्ये सँडर परतल्या आणि २००४ च्या अखेरीस पुन्हा निघाल्या. कंपनीचे मालक आणखी दोनदा बदलल्यानंतर २०१२ मध्ये त्या तिसऱ्यांदा आल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लेबल कायमचे सोडले.

त्याच १९९९ मध्ये प्राडाने ऑस्ट्रियन डिझायनर हेल्मुट लँग यांच्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला, उरलेला हिस्सा २००४ मध्ये घेतला आणि २००५ च्या जानेवारीत लँग गेले. ते फॅशनमध्ये परतलेच नाहीत, शिल्पकलेकडे वळले. २०११ च्या एका प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या संग्रहातील सुमारे ६,००० कपडे यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या केल्या आणि त्या चिंध्यांतून शिल्पे उभी केली.

या दोन्ही कहाण्या ‘कलावंत विरुद्ध हिशेबनीस’ अशा सांगितल्या जातात. मला ती मांडणी सोयीची वाटते, खरी वाटत नाही. खरेदीदाराने पैसे मोजलेले असतात आणि मोजलेल्या पैशांवर त्याला हुकमत हवी असते, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. विकणाऱ्याची चूक वेगळी असते. किमतीची घासाघीस महिनोन्‌महिने चालते, पण आपण निघालो तर काय, या प्रश्नावर विक्रीच्या बैठकीत एक दुपारसुद्धा खर्च होत नाही. पुढील चुका जवळजवळ सगळ्या त्या न घालवलेल्या दुपारीतून निघालेल्या आहेत.

ट्रेडमार्क विकला की स्वतःचे नाव, हे न ठरवणे

ही सर्वांत महाग चूक आहे आणि ती कोणत्याही देशात होऊ शकते. अमेरिकेतील पुरुषांच्या पोशाखांचे डिझायनर जोसेफ अबूद यांनी २००० मध्ये आपले ट्रेडमार्क साडेसहा कोटी डॉलरांना विकले, काही वर्षे त्याच कंपनीत काम केले, २००५ मध्ये ते बाहेर पडले आणि नंतर ‘जाझ’ नावाचे नवे लेबल काढू लागले. जाहिरातीत ‘हे जोसेफ अबूद यांचे नवे काम’ एवढे म्हणण्यावरून खटला उभा राहिला. विक्रीच्या कागदात इतर हक्कांच्या बरोबरीने ‘नावे’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ व्यापारी चिन्ह की माणसाचे व्यक्तिगत नावही, हे कोणी स्पष्ट केले नव्हते. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो शब्द संदिग्ध असल्याचे सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. अखेर आपल्या नव्या कामाच्या जाहिरातीत, मजकुराच्या ओघात आणि मर्यादेने, स्वतःचे नाव घेण्याची मुभा त्यांना मिळाली. एका शब्दाच्या या ढिलाईपायी वर्षानुवर्षे कोर्टात गेली.

ब्रिटनच्या कॅरन मिलन यांचा कागद मात्र मुळीच ढिला नव्हता. १९८१ मध्ये सुरू केलेला व्यवसाय त्यांनी व त्यांच्या भागीदाराने २००४ मध्ये साडेनऊ कोटी पौंडांना विकला आणि त्या करारात स्पर्धेच्या व्यवसायात आपले नाव न वापरण्याची बंधने स्वीकारली. पुढे अमेरिकेत आणि चीनमध्ये ते नाव वापरता यावे म्हणून त्या लंडनच्या हायकोर्टात गेल्या, तेव्हा २०१६ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. राजकन्या डायना यांचा १९८१ चा विवाहवेश तयार करणाऱ्या जोडीपैकी एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी तर वेगळाच मुद्दा मांडून पाहिला होता. डिझायनर निघून गेल्यावरही तिचे नाव कपड्यांवर राहिले तर ग्राहकाची फसवणूक होते, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते मानले नाही. नावाची व्यक्ती कंपनीत नाही एवढ्यावरून चिन्ह फसवे ठरत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

आपल्याकडील वाचकांनी येथे दोन गैरसमज टाळावेत. पहिला असा की ट्रेडमार्क कायदा, १९९९ चे कलम ३५ प्रामाणिक हेतूने स्वतःचे नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते, म्हणून विक्रीनंतरही आपले नाव आपलेच राहील. कायद्याने दिलेली ही मोकळीक करारात स्वतः लिहून दिलेल्या बंधनावर उतारा ठरेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दुसरा गैरसमज असा की भारतात व्यवसायबंदीचे कलम टिकतच नाही. करार कायदा, १८७२ चे कलम २७ अशी बंधने सामान्यतः रद्द ठरवते हे खरे, परंतु त्याच कलमात एक अपवाद आहे. धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकणारा माणूस खरेदीदार तो धंदा चालवत असेपर्यंत ठरावीक स्थानिक मर्यादेत तसाच धंदा न करण्याचे वचन देऊ शकतो, मात्र ती मर्यादा न्यायालयाला वाजवी वाटली पाहिजे. लेबलची विक्री ही बहुतेक वेळा नावलौकिकाचीच विक्री असते. तेव्हा नोकरदार मित्राच्या राजीनाम्याचा अनुभव ऐकून आपल्या सहीचा निर्णय करू नये.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा आहे. कोणते चिन्ह, कोणत्या वर्गातील मालासाठी, कोणत्या देशात विकले, याची यादी कराराला जोडावी. व्यक्ती म्हणून मुलाखत देणे, शिकवणे, पुस्तक लिहिणे, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वेशभूषाकार म्हणून झळकणे हे सारे विक्रीबाहेर असल्याचे स्पष्ट वाक्य त्यात हवे. मुंबईत चित्रपटांसाठी काम करणाऱ्यांना हे शेवटचे वाक्य विशेष लागू आहे.

आजचा खरेदीदारच उद्याही मालक असेल असे मानणे

हॉल्स्टन यांची गोष्ट या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. जॅकलिन केनेडी यांची १९६१ च्या शपथविधीच्या दिवसाची टोपी करणारा हा अमेरिकन डिझायनर. त्यांनी १९७३ मध्ये आपला व्यवसाय आणि नाव नॉर्टन सायमन या बड्या समूहाला विकले. खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक धंद्यांत असलेल्या त्या समूहाने त्यांना बराच काळ मोकळा हात दिला आणि ती वर्षे वैभवाची गेली. मग १९८३ मध्ये एस्मार्कने नॉर्टन सायमन गिळंकृत केले आणि हॉल्स्टन यांचे लेबल अंतर्वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्लेटेक्स विभागाच्या कारभाराखाली आले. लगोलग १९८४ मध्ये बिअॅट्रिसने एस्मार्कच घेतले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, तसे झाले. ज्यांच्याशी हॉल्स्टन यांनी हात मिळवला होता ती माणसे राहिली नाहीत आणि नव्या व्यवस्थापकांना त्यांच्या उधळ्या राहणीशी व कामाच्या लहरीशी देणेघेणे नव्हते. १९८४ मध्ये त्यांच्याच कार्यालयात त्यांना मज्जाव झाला. १९९० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर नाव त्यांना परत मिळालेले नव्हते.

त्याच सुमारास जेसी पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानसाखळीसाठी त्यांनी स्वस्त कपड्यांची मालिका केली होती आणि त्यामुळे बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानाने त्यांचा माल ठेवणे बंद केले, ही बाजूही सांगितली पाहिजे. लेबलची किंमत कमी होण्यात मालकांइतकाच त्यांचाही हात होता. मात्र स्वस्त मालिकेची कल्पना वाईट होती असे मी म्हणणार नाही. पुढे याच वाटेने सारा उद्योग गेला.

यावरचा इलाज असा की नियंत्रण बदलले तर काय, याचे स्वतंत्र कलम असावे. खरेदीदार कंपनी स्वतःच विकली गेली, तर संस्थापकाला उरलेला हिस्सा ठरलेल्या सूत्राने विकून मोकळे होता यावे किंवा लेबल विकत घेण्याची पहिली संधी त्याला मिळावी, आणि व्यवसायबंदीची मुदत त्या दिवशी कमी व्हावी.

४९ टक्के म्हणजे जवळजवळ निम्मे, हा हिशेब

भारतात ही चर्चा आता परक्यांची राहिलेली नाही. २०१९ नंतर मुंबईतील दोन मोठ्या समूहांनी डिझायनर लेबलांत झपाट्याने गुंतवणूक केली. आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलने २०२१ मध्ये सब्यसाचीचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांना घेतला, तर त्याच वर्षी तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीत ३३.५ टक्के घेतले. रिलायन्स समूहाने मनीष मल्होत्रा यांच्याकडे ४० टक्के आणि रितू कुमार यांच्याकडे ५२ टक्के हिस्सा घेतला. या व्यवहारांत काही बिनसले असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. टक्केवारीतील फरक मात्र डोळे उघडून वाचावा.

कंपनी कायदा, २०१३ नुसार विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात, म्हणून २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेला भागधारक तो अडवू शकतो. ४९ टक्के असलेला संस्थापक कंपनीची नियमावली बदलणे थांबवेल, पण संचालक नेमणे व काढणे हे साध्या ठरावाने होते आणि तेथे ५१ टक्क्यांपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून संचालक मंडळावरची आपली जागा, सर्जनशील प्रमुखाची नेमणूक आणि दुय्यम लेबल काढण्याचा निर्णय आपल्या संमतीशिवाय होणार नाही, हे भागधारक करारात लिहून घ्यावे आणि कंपनीच्या नियमावलीतही उतरवून घ्यावे. दुसरी पायरी लोक विसरतात.

‘सर्जनशील स्वातंत्र्य’ एवढेच लिहून समाधान मानणे

या दोन शब्दांना मोजमाप नाही. सँडर यांचे भांडण स्वातंत्र्याच्या व्याख्येवर नव्हते, मीटरमागे पडणाऱ्या कापडाच्या खर्चावर होते. वर्षाला किती कलेक्शन, कापड व सॅम्पलिंगसाठी विक्रीच्या किती टक्के रक्कम, पॅटर्न मास्टर आणि भरतकामाचे कारीगर कोणाच्या संमतीने कमी करता येतील, शिवणकाम कोणत्या कारखान्यातून होईल, असे आकडे आणि नावे हवीत. विक्रीच्या किमतीचा एक भाग पुढील काही वर्षांच्या कामगिरीवर बांधलेला असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. उद्दिष्ट आपल्या गळ्यात आणि खर्चाची दोरी दुसऱ्याच्या हातात, अशी स्थिती त्यात सहज तयार होते. राजीनामा दिल्यास उरलेले भाग पडत्या भावाने द्यावे लागतील असे कलम असेल, तर कोणत्या कारणाने दिलेला राजीनामा त्यातून वगळला आहे, हेही तेथेच ठरवावे. कापडाचा खर्च ठरलेल्या पातळीखाली नेला गेला, हे असे एक कारण असू शकते.

जुने नमुने आणि समाजमाध्यमांवरील खाती यांचे काय होणार, हे तर बहुधा कोणाच्या डोक्यातच नसते. अमेरिकेतील विवाहवेशांच्या डिझायनर हेली पेज यांनी २०११ मध्ये जेएलएम कूचूर या कंपनीशी केलेल्या नोकरीच्या करारात आपले नाव देऊन टाकले होते. त्या २०२० मध्ये निघाल्या तेव्हा नावाबरोबर इन्स्टाग्राम खात्यावरूनही कज्जा झाला. काही काळ त्यांना ‘शेव्हाल’ या नावाने वावरावे लागले आणि २०२४ मध्ये तडजोड झाल्यावर नाव परत मिळाले. त्यांचा मामला लेबलच्या विक्रीचा नव्हता, तरी धडा तोच लागू पडतो. व्यक्तिगत खाते आणि लेबलचे खाते सहीपूर्वीच वेगळे करावे. कागदी पॅटर्न, रेखाटने आणि पहिले नमुने यांपैकी आपल्याकडे राहणाऱ्या वस्तूंची छायाचित्रांसह नोंद करावी.

बाहेर पडणे आधीच घडले असेल तर

प्रथम रागाच्या भरात नवे लेबल जाहीर करू नये. बंदीची मुदत, तिचा भूभाग आणि मालाचा प्रकार वकिलाकडून तपासून घ्यावा. ब्रिटनमध्ये अत्तरांच्या धंद्यात असलेल्या जो मलोन यांनी १९९९ मध्ये आपला व्यवसाय एस्टी लॉडरला विकला, २००६ मध्ये त्या निघाल्या, बंदीची पाच वर्षे थांबल्या आणि मगच २०११ मध्ये ‘जो लव्ह्ज’ सुरू केले. फ्रेंच डिझायनर एर्वे लेजे यांनी आपली कंपनी गमावल्यावर ‘एर्वे एल. लरू’ हे नाव घेऊन पुन्हा काम उभे केले. लंडनमध्ये काम करणारे फ्रेंच डिझायनर रोलाँ मूरे यांनी २००५ मध्ये, त्यांचा ‘गॅलेक्सी’ पोशाख गाजत असतानाच, गुंतवणूकदारांशी फारकत घेतली आणि नावाचा हक्क गमावला. नव्या भागीदारासह ते ‘आरएम’ या आद्याक्षरांवर परतले आणि २०१० मध्ये त्यांनी आपले नाव परत मिळवले. नाव परत घेण्याची संधी बहुधा नवा मालक अडचणीत आल्यावर किंवा त्याला लेबल नकोसे झाल्यावर येते, त्यामुळे त्या कंपनीच्या आर्थिक बातम्यांवर नजर ठेवावी आणि थोडी रोकड राखून ठेवावी.

जाणे नेहमीच भांडणातून होते असेही नाही. अँटवर्पचे ड्रीस व्हॅन नोटन यांनी २०१८ मध्ये बहुसंख्य हिस्सा स्पेनच्या पुइग समूहाला विकला, सहा वर्षे काम करून २०२४ मध्ये निवृत्ती पत्करली आणि त्यांच्याच चमूतील जुलियन क्लाउसनर यांच्याकडे सूत्रे गेली. गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी तर कोणताही समूह मध्ये न आणता आपले लेबल शूलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवले आणि स्वतः कोलवाळच्या पोशाख-संग्रहालयाच्या कामाला लागले. दोघांनीही वारस आपल्या कार्यशाळेतलाच निवडला जाईल अशी वेळ साधली. ज्यांना पुढील पाच-दहा वर्षांत लेबल विकायचे आहे, त्यांनी गुंतवणूकदारांच्या भेटी घेण्याआधी आपल्या सॅम्पल रूममध्ये असा माणूस आहे का, हे पाहावे. तो असेल तर त्याचे नाव व मोबदला करारात आणता येतो, आणि नसेल तर विक्री दोन वर्षे पुढे ढकलण्याचे ते पुरेसे कारण आहे.