सीआयएफमधला विमा आणि भिजलेली खोकी

आयात केलेल्या मालाचा कंटेनर उघडला तेव्हा खालच्या दोन थरांची खोकी ओली होती. आत उभं राहून दार लावून घेतलं, तर कोपऱ्यातल्या गंजलेल्या भोकातून उजेड दिसला. सर्व्हेयरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाने) ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि मिठाची खूण असलेला पांढरट साका आला. म्हणजे समुद्राचंच पाणी.

सौदा सीआयएफ होता, म्हणजे किमतीतच जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला, विमा विक्रेत्याने काढलेला, म्हणून मी निर्धास्त होतो. पॉलिसी नीट वाचली तेव्हा कळलं: इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'सी', म्हणजे मालवाहतूक विम्याच्या प्रमाण अटींतला सर्वात कमी संरक्षणाचा प्रकार. आग, टक्कर, जहाज बुडणं यांना संरक्षण. कंटेनरमध्ये शिरलेल्या पाण्याला नाही. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या प्रमाण अटी) प्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेत्यावर एवढंच किमान बंधन आहे, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. दावा फेटाळला गेला. मग जहाज कंपनीकडे लेखी तक्रार केली. वरून न दिसणाऱ्या नुकसानीच्या तक्रारीसाठी हेग-व्हिस्बी नियमांत (सागरी मालवाहतुकीतली वाहतूकदाराची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) माल ताब्यात मिळाल्यापासून तीनच दिवस असतात. थोडी भरपाई मिळाली, पण वजनावर ठरणाऱ्या मर्यादेतच.

आता मी माल सीएफआरवर (किमतीत जहाजाचं भाडं धरलेलं, विमा नाही) घेतो आणि सर्वात व्यापक संरक्षणाच्या क्लॉज 'ए'चा विमा स्वतः काढतो, मालाची किंमत अधिक भाडं यांच्या ११० टक्के रकमेचा. शिवाय माल भरण्याआधी रिकाम्या कंटेनरचा दार बंद करून आतून काढलेला फोटो मागवतो.