हॉटेलच्या कचऱ्यातून खरंच किती पैसे वाचतात ते कसं मोजायचं

गोव्यात आता बरीच हॉटेलं, खानावळी, शॅकवाले बायोगॅस बसवतायत, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या बंद करून काचेच्या भरतायत, तळलेलं तेल विकतायत. खूप चांगलं काम आहे. पण यातून धंद्याला रुपयात काय मिळालं असं विचारलं की बहुतेकांकडे आकडाच नसतो, मग एखादा सीझन मंदा गेला की पहिली काट यालाच लागते. ते होऊ नये म्हणून हे लिहितोय.

काहीही विकत घ्यायच्या आधी महिनाभर नुसतं वजन करा. एक काटा, एक वही आणि ओल्या कचऱ्याचे तीन डबे. एकात सालं, माशांची डोकी वगैरे तयारीतला कचरा, दुसऱ्यात शिजवून उरलेलं, तिसऱ्यात ताटातलं उष्टं. रोज रात्री तिन्हींचं वजन लिहायचं आणि शेजारी त्या दिवशी किती ताटं गेली तेही लिहायचं, ते अजिबात चुकवू नका, कारण आपल्याकडे डिसेंबरची गर्दी आणि जुलैचा पाऊस यांची तुलनाच होत नाही, शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मेनूही बदलतो. म्हणून आकडा काढायचा तो दर 100 ताटांमागे किती किलो, आणि ताडून बघायचा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

आता बायोगॅस. ढोबळ हिशोब असा की 50 किलो ओल्या कचऱ्यातून 4 ते 5 घनमीटर गॅस येतो, आणि एक घनमीटर म्हणजे साधारण 0.45 किलो एलपीजी. म्हणजे दिवसाला 2 किलो, महिन्याला 60 किलो, 19 किलोचे तीन सिलिंडर. त्याला तुमच्या सिलिंडरच्या दराने गुणा. विकणारा जो आकडा सांगतो तो वहीत लिहू नका, गॅसला मीटर बसवा, नाहीतर निदान प्रत्येक सिलिंडर कधी बदलला ती तारीख लिहा. करवंट्या, हाडं, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) आणि खेकड्यांची कवचं वजनातून वगळायची, त्यांचा गॅस होत नाही आणि आपल्या किचनमध्ये ती भरपूर निघतात.

पण इथेच खरी गोम आहे. वरच्या हिशोबाने एक किलो कचऱ्यातून जेमतेम 40 ग्रॅम एलपीजी मिळतो. आणि तोच किलो जर इसवणाच्या (सुरमईच्या) करीचा असेल तर ती घेताना, शिजवताना तुम्ही किती पैसे घातलेत बघा! म्हणून दुसरा डबा हलका झाला तर ती बचत खरेदीच्या भावाने मोजायची, गॅसच्या भावाने नाही. त्या महिन्यात गॅस कमी आला म्हणून प्लांट बिघडला असं समजू नका, उलट धंद्याला जास्त फायदा झालेला असतो. माझ्या मते सगळ्यात मोठी रक्कम याच रकान्यात येते आणि नेमका हाच रकाना कोणी ठेवत नाही.

खर्चाची बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे लिहा. कचरा वेगळा करणाऱ्या माणसाचे तास, वीज, दुरुस्ती, काचेच्या बाटल्या धुवायचं पाणी, फुटलेल्या बाटल्या, सगळं. कचरा नेणाऱ्याचं बिल महिन्याला ठरलेलं असेल तर कचरा अर्धा झाला तरी तिथे बचत शून्य, दर नव्याने ठरवून बिल खरंच उतरेल तेव्हाच ती धरायची. तेल आणि भंगाराचे पैसे पावतीवरून लिहा, अंदाजाने नको.

दिवसाला 100 किलो किंवा त्याहून जास्त कचरा होत असेल तर तुम्ही बल्क वेस्ट जनरेटरमध्ये, म्हणजे मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांत येता, कचऱ्याची व्यवस्था करणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. मग तुलना ‘काहीच न करणं’ याच्याशी नाही तर दुसऱ्याकडून ते काम करून घ्यायला जो खर्च आला असता त्याच्याशी करायची. मोठ्या हॉटेलांना बाहेर अहवाल द्यायचा असेल तर 2024 चं आयएसओ 59020 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, वस्तू किती फिरवून पुन्हा वापरात येतात (चक्रीय अर्थव्यवस्था) ते कसं मोजायचं हे त्यात आहे, लहानांना वही पुरते.

शेवटी गुंतवणूक भागिले वर्षाची निव्वळ बचत, म्हणजे किती वर्षांत पैसे सुटतात ते कळेल. वर्षाची म्हणजे बारा महिन्यांची बेरीज, जानेवारीचा आकडा गुणिले बारा नव्हे. पावसाळ्यात प्लांटला पुरेसा कचरा मिळत नाही, तेव्हा शेजारच्या खानावळीचा ओला कचरा मिळेल का ते प्लांटची साइज ठरवायच्या आधीच विचारून घ्या.