शहराच्या मालकीचे ब्रॉडबँड: मत देण्याआधी प्रस्ताव कसा तपासावा

अमेरिकेतील अनेक लहान आणि मध्यम शहरांत घरापर्यंत येणारे इंटरनेट एकाच केबल कंपनीकडून, फार तर तिच्या जोडीला जुन्या टेलिफोन कंपनीकडून मिळते. दर वाढत जातात, अपलोडचा वेग अपुरा पडतो, कडेच्या वस्तीला जोडणी नाकारली जाते, आणि मग कधीतरी सिटी कौन्सिलपुढे प्रस्ताव येतो की शहराने स्वतःच फायबर टाकावे आणि स्वतःच सेवा विकावी. अशा शहरांत घर घेऊन स्थायिक झालेली आणि घरून काम करणारी मराठी कुटुंबे आता थोडी नाहीत, आणि या निर्णयाचा परिणाम त्यांच्या मासिक बिलावर तसेच शहराच्या करांवरही होतो. असा प्रस्ताव कोणत्या क्रमाने वाचावा, काय विचारावे आणि कोणत्या शहरांच्या अनुभवाशी तो ताडून पाहावा, हे पुढे मांडले आहे. माझे मत आधीच सांगतो. शहराच्या मालकीचे जाळे हा चांगला पर्याय आहे आणि खाजगी कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या शहरांसाठी तो आवश्यकही आहे. मात्र त्याचे भवितव्य वेगाच्या आकड्यापेक्षा कर्जाच्या मांडणीवर अधिक अवलंबून असते.

आधी राज्याचा कायदा पाहावा

शहराला अशी सेवा देण्याचा अधिकार आहे की नाही, हे राज्य ठरवते. राज्ये आपल्या शहरांना दूरसंचार सेवा देण्यापासून रोखू शकतात, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मिसूरीतील एका प्रकरणात दिला. नॉर्थ कॅरोलिनातील विल्सन शहराने 2008 मध्ये ‘ग्रीनलाइट’ नावाची सेवा सुरू केल्यावर त्या राज्याने 2011 मध्ये कडक निर्बंधांचा कायदा केला. केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी या दोन राज्यांचे निर्बंध बाजूला सारले, तेव्हा विल्सनने शेजारच्या पाइनटॉप्स या छोट्या गावाला जोडणी दिली. पण 2016 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला आणि ती सेवा बंद पडण्याच्या बेतात आली. कोलोरॅडोत उलट घडले. तेथे 2005 पासून अशा सेवेसाठी मतदारांची परवानगी घेणे बंधनकारक होते. शंभराहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी मतदान घेऊन ती मिळवली आणि 2023 मध्ये विधिमंडळाने ती अटच काढून टाकली. म्हणून प्रस्तावात राज्याच्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, सेवा शहराच्या हद्दीबाहेर नेता येईल का, आणि मतदान आवश्यक आहे का, हे सर्वांत आधी शोधावे.

जाळे कोण चालवणार?

यशस्वी उदाहरणांपैकी बहुतेकांत एक समान धागा आहे: शहराकडे आधीपासून स्वतःचा वीजविभाग होता. मुंबईकरांना बेस्टची वीज परिचित आहे. टेनेसीतील चॅटनूगा शहराची ‘ईपीबी’ ही 1935 पासूनची संस्था त्याच प्रकारची, शहराच्या मालकीची वीज वितरण संस्था आहे. रस्त्यावरचे खांब तिचे, दुरुस्तीची पथके तिची, घरोघरी बिल पाठवण्याची यंत्रणाही तिचीच. केबल कंपन्यांनी न्यायालयात अडवण्याचा प्रयत्न करूनही तिने फायबर टाकले आणि 2010 मध्ये आपल्या संपूर्ण वीजक्षेत्रात सेकंदाला 1 गिगाबिटची सेवा देऊ केली. त्याच फायबरवर विजेच्या तारांवरील स्वयंचलित स्विचही चालतात. वादळात झाड पडले की बिघाड झालेला भाग आपोआप वेगळा होतो आणि बाकीच्या घरांची वीज लवकर परत येते. हा फायदा इंटरनेट न घेणाऱ्या ग्राहकालाही मिळतो, आणि त्यामुळेच खर्चाचा काही भाग वीजविभागाने उचलणे न्याय्य ठरते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. चॅटनूगाला या वीजजाळ्यासाठी केंद्र सरकारचे 11 कोटी 15 लाख डॉलरचे अनुदान मिळाले होते. आपल्या शहराच्या अहवालात चॅटनूगाचे नाव आले, की असे अनुदान आपल्याला मिळणार आहे का आणि ते मंजूर झाले आहे की केवळ अपेक्षित आहे, हे विचारावे. शहराकडे वीजविभाग नसेल तर खांब दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे असतात. त्यांवरील आधीच्या तारा सरकवून नव्या तारेसाठी जागा करण्याचे काम, ज्याला तेथे ‘मेक-रेडी’ म्हणतात, बऱ्याचदा प्रतिस्पर्धी कंपनीच्या सहकार्यावर अवलंबून राहते. या कामाचा खर्च आणि कालावधी अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

कर्जाचा हिशेब स्वतः करून पाहावा

व्यवहार्यता अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे ‘टेक रेट’: ज्या घरांसमोरून फायबर जाते, त्यांपैकी किती घरे प्रत्यक्ष सेवा घेतील, त्याची टक्केवारी. हा आकडा थोडा जरी घसरला तरी सारे गणित कसे बदलते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शहरात 20,000 घरे आहेत आणि शहराने 4 कोटी डॉलरचे रोखे 20 वर्षांसाठी 4 टक्के व्याजाने काढले आहेत. परतफेडीचा वार्षिक हप्ता सुमारे 29 लाख 40 हजार डॉलर होतो. 40 टक्के, म्हणजे 8,000 घरांनी सेवा घेतली, तर दर घरामागे महिन्याला सुमारे 31 डॉलर केवळ कर्जापोटी जातात. 25 टक्के, म्हणजे 5,000 घरांनीच घेतली, तर हाच भार सुमारे 49 डॉलर होतो. महिन्याचा दर 70 डॉलर ठेवला असेल, तर पहिल्या स्थितीत कर्मचारी, दुरुस्ती, घाऊक बँडविड्थ आणि उपकरणांच्या नूतनीकरणासाठी 39 डॉलर उरतात, दुसऱ्या स्थितीत अवघे 21. अहवालातील आकडे घेऊन असा हिशेब किमान तीन वेगवेगळ्या टक्केवारींसाठी करावा. रस्त्यापासून घरापर्यंतची जोडणी आणि घरातील उपकरणे यांचा खर्च ग्राहकागणिक वाढत जातो, तोही त्यात धरावा; कर्जाच्या मूळ रकमेत तो नेहमीच समाविष्ट असतो असे नाही.

टेक रेट गृहीत धरताना प्रतिस्पर्धी स्वस्थ बसणार नाही, हेही गृहीत धरले पाहिजे. मिनेसोटातील मॉन्टिसेलो या छोट्या शहरात 2007 साली मतदारांनी मोठ्या बहुमताने शहराच्या जाळ्याला कौल दिला. स्थानिक टेलिफोन कंपनीने शहरावर दावा लावला आणि तो चालू असताना स्वतःचे फायबर टाकून घेतले. केबल कंपनीने आपले दर खूप खाली आणले. दावा शहराने जिंकला, पण त्यात गेलेला वेळ परत मिळाला नाही, आणि 2012 मध्ये रोख्यांची परतफेड थांबली. गावकऱ्यांना स्वस्त आणि वेगवान इंटरनेट मात्र मिळाले. हा फायदा खरा आहे, तो शहराच्या ताळेबंदात दिसत नाही, आणि त्यामुळे मॉन्टिसेलोला सरसकट अपयश म्हणणे मला पटत नाही. तरीही ज्यांनी रोखे विकत घेतले होते, त्यांचे बरेचसे पैसे बुडाले हे विसरता येत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो: उत्पन्न कमी पडले तर हप्ता कोण भरणार? महसुली रोखे असतील तर मुख्यतः सेवेच्या उत्पन्नातूनच परतफेड व्हायची असते. वीजविभागाचे उत्पन्न तारण असेल तर वीजग्राहकांवर भार येतो. शहराचा विक्रीकर किंवा सर्वसाधारण निधी तारण असेल तर प्रत्येक रहिवाशावर. युटामधील प्रोव्हो शहराने सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलरच्या रोख्यांवर उभारलेले जाळे 2013 मध्ये गूगलला अवघ्या 1 डॉलरला विकले, आणि कर्ज फेडण्यासाठी घरोघरच्या बिलावर दरमहा 5 डॉलर 35 सेंट आकारले जात राहिले. व्हरमाँटमधील बर्लिंग्टनमध्ये तर शहराच्या सामाईक रोकडीतून सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर या सेवेकडे वळवले गेले. ते उघडकीस आल्यावर शहराचे पतमानांकन घसरले आणि पुढे उपकरणांना अर्थसाहाय्य देणाऱ्या बँकेने दावा लावला. या दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान चालत होते. म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी लेखी असल्याशिवाय होकार देऊ नये: तारण नेमके काय आहे, ब्रॉडबँडचे हिशेब शहराच्या इतर खात्यांपासून पूर्ण वेगळे राहतील का, आणि दुसऱ्या खात्याकडून घेतलेली उसनवारी व्याजासह किती वर्षांत परत करायची आहे.

किरकोळ विक्री की खुले जाळे

काही शहरे स्वतः ग्राहकांना सेवा विकतात, तर काही फायबर तेवढे आपल्याकडे ठेवून त्यावर अनेक खाजगी कंपन्यांना सेवा विकू देतात. आयडाहोमधील ॲमन येथे दुसरी पद्धत चांगली चालली आहे. तेथे ग्राहक एका फायबरवरून वेगवेगळ्या कंपन्या सहज बदलू शकतो. प्रोव्होतही राज्याच्या कायद्यामुळे घाऊक विक्रीच करावी लागली होती, आणि ग्राहक मिळवणे ते जाळे वापरणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या हाती राहिल्याने शहराचे उत्पन्न अपुरे पडले. खुले जाळे निवडले असेल, तर किती कंपन्यांनी लेखी तयारी दाखवली आहे, हे विचारावे.

प्रचारातील दावे आणि सुनावणी

मतदान जवळ आले की पत्रकांचा मारा सुरू होतो. कोलोरॅडोतील लाँगमाँटमध्ये 2009 साली केबल उद्योगाच्या खर्चिक प्रचारानंतर प्रस्ताव फेटाळला गेला आणि 2011 मध्ये तोच विषय मंजूर झाला; फोर्ट कॉलिन्समध्ये 2017 साली विरोधकांनी 9 लाख डॉलरहून अधिक खर्च केले, तरी मतदारांनी होकार दिला. लुईझियानातील लाफायेटमध्ये 2005 साली 62 टक्के मते प्रस्तावाच्या बाजूने पडली आणि तरीही न्यायालयीन लढ्यांमुळे सेवा 2009 मध्ये सुरू झाली. पत्रकावर पैसे कोणाचे आहेत, हे निवडणूक कार्यालयातील खर्चाच्या नोंदींवरून कळते आणि ते पाहावेच. विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी गंभीर मानतो: रस्ते खोदण्याची परवानगी देणारे शहर स्वतःच स्पर्धक झाले, तर ते निःपक्ष राहील का? परवान्यांचे नियम सर्वांना सारखे असतील आणि शहराची सेवा करांच्या बदल्यात ठरावीक रक्कम भरेल, अशी तरतूद प्रस्तावात असेल तर या मुद्द्याला योग्य उत्तर मिळते.

सार्वजनिक सुनावणीत बोलण्यासाठी बहुतेक ठिकाणी मतदार असणे आवश्यक नसते. ग्रीन कार्ड किंवा कामाच्या व्हिसावर असलेल्या रहिवाशालाही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटे बोलता येते. त्या वेळात गैरसोयीची कहाणी सांगण्यापेक्षा वरच्या हिशेबातील एकच नेमका प्रश्न विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी. सोबत आपल्या सध्याच्या सेवेचा पुरावा न्यावा: 2024 पासून इंटरनेट कंपन्यांना दर, शुल्क आणि वेग दाखवणारे प्रमाणित लेबल देणे बंधनकारक आहे, आणि त्याच वर्षी केंद्रीय दळणवळण आयोगाने ब्रॉडबँडचा मापदंड डाउनलोडसाठी सेकंदाला 100 आणि अपलोडसाठी 20 मेगाबिट असा वाढवला. आपला अपलोड त्याखाली असेल, तर तो आकडा सभागृहात सांगण्याजोगा आहे.

मंजुरीनंतर

पहिल्या वर्षात टेक रेट अंदाजाच्या जवळ पोहोचावा, यासाठी लाँगमाँटने एक उपयुक्त युक्ती केली. आपल्या भागात सेवा सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणी करणाऱ्यांना 1 गिगाबिटची सेवा 49 डॉलर 95 सेंटमध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या सवलतीच्या दराने दिली. आपल्या शहरातही अशी पूर्वनोंदणी सुचवावी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी काय सोय आहे, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे; चॅटनूगात 2020 मध्ये ईपीबी आणि तेथील शाळांनी मिळून हजारो गरजू विद्यार्थ्यांच्या घरी विनामूल्य इंटरनेट दिले, आणि जाळे सार्वजनिक असल्याने हे ठरवणे सोपे गेले. ग्राहकसंख्या, जोडलेली घरे आणि कर्जाची शिल्लक यांचा तिमाही अहवाल प्रसिद्ध व्हावा, असा आग्रह धरावा.

याच काळात जुनी कंपनी मोठ्या सवलतीचा प्रस्ताव घेऊन दारात येईल. तो दर किती महिन्यांसाठी आहे, नंतर किती होईल आणि मध्येच सेवा सोडल्यास दंड किती, हे विचारल्याशिवाय सही करू नये; शहराचे फायबर आपल्या गल्लीत कोणत्या महिन्यात पोहोचणार आहे, ते वेळापत्रक पाहून मगच कराराची मुदत ठरवावी.