उन्हाळ्यात सेसना १७२ या ट्रेनिंगच्या विमानात पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून काय करायचं

एप्रिल-मे मध्ये बारामती, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात ट्रेनिंग फ्लाइंग करणाऱ्यांना हे ओळखीचं असेल, सकाळची सॉर्टी (एक उड्डाण) मस्त होते, इंजिन बंद करून खाली उतरता, विद्यार्थी बदलतो आणि वीस मिनिटांनी स्टार्ट मारायला जावं तर इंजिन नुसतं फिरत राहतं, पेटत नाही.

इंजिन चालू असताना त्यावरून वारा वाहत असतो, बंद केलं की वारा थांबतो पण सिलिंडरची उष्णता तिथंच असते, ती वर चढून काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) कोंडते, म्हणून बंद केल्यावर काही वेळ आतलं तापमान उलट वाढतं. १७२एस या मॉडेलच्या लायकॉमिंग इंजिनावर फ्लो डिव्हायडर (पेट्रोल सिलिंडरांना वाटून देणारा भाग) वरच बसलेला असतो, त्यातून चार सिलिंडरकडे चार स्टीलच्या नळ्या जातात, जेमतेम बॉलपेनच्या रिफिलएवढ्या. त्यातलं पेट्रोल उकळतं आणि नळीत वाफ भरते.

म्हणून पार्किंगपासूनच काळजी घ्या. नाक वाऱ्याकडे करा, सावली मिळाली तर सोडू नका, आणि वरचं ऑइल चेक करायचं झाकण उघडं ठेवा, गरम हवा तिथून निघून जाते (उडायच्या आधी ते बंद केलंय का हे हात लावून बघायचं, प्लीज).

गरम इंजिन स्टार्ट करताना प्रायमिंग (स्टार्टआधी पंपानं इंजिनात पेट्रोल सोडणं) करायचं नाही. मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा कंट्रोल) आयडल कटऑफला, म्हणजे पेट्रोल बंद, थ्रॉटल पाव इंच उघडा, क्रँक करा (स्टार्टरनं फिरवा), पेटलं की मिक्श्चर हळूहळू पुढे. पेटून अडखळत असेल तर ऑक्झिलरी पंप (पेट्रोलचा जादा इलेक्ट्रिक पंप) थोडा वेळ चालू ठेवा, वाफ पुढे ढकलली जाते. स्टार्टर मात्र रेटत बसू नका, मॅन्युअलमधली मर्यादा पाळा.

हवेत असताना फ्युएल फ्लोचा काटा तासाला १ गॅलन किंवा जास्त वरखाली व्हायला लागला, किंवा पॉवर कमीजास्त होतेय असं वाटलं, तर पंप ऑन, इंजिन नीट चालेल असं मिक्श्चर ॲडजस्ट, तरी थांबलं नाही तर टाकी निवडायचा सिलेक्टर दुसऱ्या टाकीवर. फ्लो स्थिर झाल्यावरच पंप बंद. हा क्रम मॅन्युअलमध्ये आहे, पाठच करून टाका. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून तेच पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, हे क्लाइंब करताना डोक्यात असू द्या.

गाडीचं पेट्रोल टाकायचा विचारसुद्धा नको. ३७.८ अंश सेल्सिअसला ॲव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कल ठेवलेला असतो, गाडीचं पेट्रोल त्याहून लवकर उडतं, आणि आता त्यात इथेनॉलही असतं.

वर्कशॉपवाल्यांनी फ्युएल होजवरचं फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) फाटलंय का, ऑइलनं चिंब झालंय का, होज एक्झॉस्टच्या जवळ सरकलाय का हे प्रत्येक इन्स्पेक्शनला बघावं. पंपाच्या आधीच्या बाजूला जास्तीचा एल्बो (वळणाचा जोड) बसवू नका, प्रत्येक वळणाला दाब कमी होतो आणि वाफ तिथंच धरते.

आणि व्हेंट! टाकीत हवा जाण्यासाठी डाव्या पंखाखाली स्ट्रटजवळ (पंखाला आधार देणाऱ्या दांडीजवळ) असलेली नळी. बरेच दिवस उभ्या असलेल्या एका विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं मला सापडलं होतं, बाहेरून अगदी गुळगुळीत, बोटानं दाबल्याशिवाय कळलंच नसतं. व्हेंट बंद झाला तर टाकीतला दाब घसरू शकतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं, त्यामुळे प्रीफ्लाइटला (उडायच्या आधीच्या तपासणीत) तिथं वाकून बघा.